वाळूला हात नसतात

अक्कांनी आपल्या घरी राहावे की चिरंजीवांच्या घरी जावे, हा प्रश्न अखेर एका कप्पीपाशी येऊन थांबला, यात नवल करण्यासारखे काही नाही. ज्या प्रश्नांना आपण जिव्हाळ्याचे म्हणतो, त्यांपैकी पुष्कळसे तळाशी वजन उचलण्याचेच असतात: कोणी उचलायचे, कुठे उभे राहून, आणि कुठवर. ते तशा शब्दांत मांडणे मात्र असभ्यपणाचे समजले जाते, म्हणून कुटुंबे त्यांच्याविषयी वर्षानुवर्षे आडून आडून बोलत राहतात.

अक्कांनी खालच्या मजल्यावरची बेकरी हयातभर चालवली होती. पीठ मळण्याचे यंत्र येण्याआधी त्या ते हातांनी मळत, आणि यंत्र आल्यावरही, यंत्राला पिठाचा स्वभाव कळत नाही अशी तक्रार करून, शेवटचा हात स्वतःच फिरवीत. जिन्यावरून पडल्यानंतर त्यांचे हाड जुळले, पण कंबरेखालचा भाग त्यांच्या हुकुमात राहिला नाही. "पाय आहेत," विचारपूस करायला आलेल्यांना त्या सांगत, "पण आता ते भाडेकरूंसारखे. राहतात, ऐकत नाहीत." चाकांच्या खुर्चीत एकदा बसल्या की त्यांना कोणाची गरज उरत नसे. ओटा त्यांच्या उंचीला उतरवून घेतला होता, न्हाणीघराचे दार रुंद केले होते, आणि खिडकीतून खाली बेकरीच्या नव्या चालकाला पावाच्या रंगाविषयी सूचना देण्याइतका आवाज शाबूत होता. अडचण होती ती खाटेपासून खुर्चीपर्यंतच्या हातभर अंतराची. फळीवरून सरकण्याचा प्रयोग एकदा झाला. त्यात खुर्ची मागे गेली, अक्का खाली आल्या, आणि त्याविषयी पुन्हा बोलायचे नाही असे ठरले. तेव्हापासून रोज सकाळी एक बाई येत, अक्कांना काखांत धरून उचलत, आणि खुर्चीत ठेवत; रात्री येऊन पुन्हा खाटेवर.

एका सकाळी बाई आल्या नाहीत. त्यांना ताप भरला होता, आणि निरोप द्यायला सांगितलेला शेजारी निरोप विसरला. अक्कांनी उशाशी असलेल्या तांब्याने जमीन ठोकली, पण खाली पीठ मळण्याचे यंत्र चालू होते. दुपारी यंत्र थांबले तेव्हा तो आवाज खाली ऐकू गेला आणि चालक वर आला. चिरंजीवांना हे फोनवर कळले ते बेकरीच्या चालकाकडून. अक्कांनी सांगितले नव्हते, आणि हाच मुद्दा चिरंजीवांना सगळ्यांत गंभीर वाटला.

चिरंजीव दुसऱ्या शहरात एका विमा कंपनीसाठी नुकसानीची तपासणी करीत. जळालेली गोदामे, खचलेले मजले आणि उलटलेले ट्रक पाहून त्यांची नजर अशी झाली होती की, जे उभे आहे ते पडल्यावर कसे दिसेल, हे त्यांना आधी दिसे. त्यांचे आईवर प्रेम नव्हते असे कोणीही म्हणू नये. उलट, त्या प्रेमाला धंद्याची सवय लागली होती एवढेच. त्यांनी आईला अट घातली. ती स्वतःच्या बळावर, कोणाचाही हात न लागता, खाटेवरून खुर्चीत आली तर हा विषय कायमचा मिटला. नाहीतर महिनाअखेरीस ते येतील आणि तिला घेऊन जातील. त्यांच्या पत्नीने तळमजल्यावरची अभ्यासाची खोली रिकामी करायला घेतली होती.

अक्कांनी अट मान्य केली आणि धाकट्या भावाला बोलावून घेतले.

हे धाकटे बंधू तंत्रनिकेतनात बलांचे गणित शिकवून निवृत्त झाले होते. विद्यार्थी त्यांना पाठीमागे शून्यमास्तर म्हणत, कारण फळ्यावरचे त्यांचे प्रत्येक समीकरण शेवटी शून्याला जाऊन भिडे. हे नाव त्यांच्या कानावर आले होते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. स्थिर असलेल्या वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्यच असते; ती येत नसेल तर एक तर वस्तू स्थिर नाही, नाहीतर आपण एखादा बाण विसरलो आहोत. पहिली शक्यता डोळ्यांना दिसते. म्हणून चूक बहुधा दुसरी असते. त्यांची पद्धतही ठरलेली होती: ज्या वस्तूचा विचार करायचा तिच्याभोवती एक बंद रेघ ओढायची, तिला बाकीच्या जगापासून तोडून कागदावर एकटी ठेवायची, आणि रेघ जिथे जिथे एखाद्या आधाराला कापते तिथे तिथे एक बाण काढायचा. रेघेच्या आतली ओढाताण मोजायची नाही. आतले आत फिटते. जे बाहेरून येते तेवढेच खरे.

या पद्धतीने मास्तरांनी बहिणीसाठी जे यंत्र रचले ते असे होते. खाटेच्या उशाशी भिंतीला एक लोखंडी त्रिकोण: वर आडवा हात, खालून त्याला टेकू देणारी तिरकी दांडी, आणि तिसरी बाजू म्हणजे भिंतीलगतची उभी नळी, जिच्याभोवती हा त्रिकोण दारासारखा फिरे. आडव्या हातात ताण येई, तिरक्या दांडीत दाब. वरचे बोल्ट भिंतीतून उपटले जाऊ पाहत, खालचे भिंतीत रुतू पाहत. हाताची लांबी आणि त्रिकोणाची उंची मास्तरांनी मुद्दाम सारखी ठेवली होती, त्यामुळे हाताच्या टोकाला जेवढे वजन, तेवढीच वरच्या बोल्टांवर ओढ. हिशेब तोंडी करता यावा. टोकाला एक कप्पी. तिच्या कडीला दोराचे एक टोक बांधलेले. दोर तिथून खाली येऊन कॅनव्हासच्या झोळीवरच्या दुसऱ्या कप्पीखालून वळे, पुन्हा वर जाई, वरच्या कप्पीवरून उतरे, आणि झोळीत बसलेल्या अक्कांच्या मुठीत येई. मागे सरकू न देणारी एक दातेरी पकड त्या दोरावर होती, म्हणजे हात थकला तरी माणूस होता तिथेच राही. झोळीतल्या अक्का अशा तीन पदरांवर तोलल्या जाणार होत्या: दोन पदर झोळीला धरून, आणि तिसरा त्यांच्या स्वतःच्या हातात. तिन्ही पदरांत ताण सारखाच, कारण दोर एकच. म्हणून अक्कांना आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा ओढायचा होता, आणि पिठाच्या गोळ्यांशी झुंजलेल्या हातांना तेवढा अवघड नव्हता.

भिंतीवर एकंदर भार येणार तो एका अक्केचा. मास्तरांनी सगळे काही अडीच अक्कांच्या मापाने केले.

वेल्डर त्यांचा जुना परिचित होता. त्याने जोड चोख भरले, बोल्ट भिंतीत ठोकले, आणि आता बसून बघा म्हणाला. मास्तरांना हे पटणे शक्यच नव्हते. ज्यावर निर्जीव वजन आधी चढलेले नाही त्यावर जिवंत माणूस चढवायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याला त्यांनी आजवर अपवाद केला नव्हता. त्यांनी वाळूच्या पिशव्या मागवल्या. अक्कांच्या वजनाइतक्या नव्हे, दुप्पट. अक्कांची खाट बाजूला सरकवून त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसवले, झोळीत पिशव्या रचल्या, आणि मास्तर व वेल्डर दोघे जमिनीवर उभे राहून दोर ओढू लागले.

नेमक्या त्या वेळी चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. ते दुसऱ्या दिवशी येणार होते. एक तपासणी लवकर आटोपली म्हणून आले. त्यांच्या हातात रिकाम्या बॅगा होत्या.

झोळी जमिनीपासून वीतभर सुटली. मग भिंतीतून सुके लाकूड तडकल्यासारखा आवाज आला, वरचे दोन्ही बोल्ट विटांचा भुगा घेऊन बाहेर आले, त्रिकोण पुढे झुकला, आणि वाळू जिथे एरवी अक्कांची खाट असे तिथे पडली. एक पिशवी फुटली. कोणाला लागले नाही. खालून बेकरीच्या चालकाने, वर काय पडले, असे विचारले, आणि अक्कांनी खिडकीशी जाऊन, वाळू, असे उत्तर दिले.

चिरंजीवांनी बॅगा खाली ठेवल्या. त्यांनी भिंतीतली भोके पाहिली, बोल्ट हातात घेऊन फिरवून पाहिले, आणि आवाज न चढवता, मामांना जे दाखवायचे होते ते त्यांनी दाखवले असे समजायला हरकत नाही ना, असे विचारले. मास्तर पिशव्या पुन्हा मोजू लागले. अडीच पटीसाठी केलेली गोष्ट दुपटीला मोडली, ही घटना त्यांच्या दृष्टीने दुःखद नव्हती, अशक्य होती.

संध्याकाळी ते जेवायला बसले नाहीत. वेल्डरने वाईट वीट, वाईट चुना असे काहीतरी सुचवून पाहिले. ते मास्तरांनी झटकून टाकले; विटा त्यांनी स्वतः ठोकून पाहिल्या होत्या. त्यांनी कोरा कागद घेतला आणि आकृती नव्याने काढली. अक्कांची नव्हे, वाळूची. पिशव्यांभोवती बंद रेघ ओढली, आणि मग ते पेन्सिल उचलून तसेच बसून राहिले. रेघ दोनच पदरांना कापत होती. तिसरा पदर रेघेच्या बाहेर होता. तो त्यांच्या स्वतःच्या आणि वेल्डरच्या हातांत होता, आणि ते दोघे जमिनीवर उभे होते.

त्यांनी बहिणीसाठी काढलेली आकृती वाळूला वापरली होती. जे वजन तीन पदरांनी वाटून घ्यायचे ते दोन पदरांवर आले. दोन अक्कांचे वजन दोन पदरांत, म्हणजे प्रत्येक पदराला एक अक्का. आणि वरच्या कप्पीला तर तिन्ही पदर खाली ओढत होते. दोन अक्कांची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी भिंतीला तीन अक्का टांगल्या होत्या. भिंतीने अडीच पेलायचे कबूल केले होते, आणि ती दिल्या शब्दाला जागली होती.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती, हे येथे नोंदवले पाहिजे. निष्काळजी माणसाने वाळू आणलीच नसती. त्याने अक्कांना बसवले असते, त्या वर आल्या असत्या, आणि यंत्र बिनबोभाट चालले असते. यंत्र मोडले ते केवळ खबरदारीमुळे.

सकाळी बाई आल्या, अक्कांना खुर्चीत ठेवून गेल्या, आणि मास्तरांनी चिरंजीवांपुढे कागद पसरला. त्यांनी सगळे क्रमाने सांगितले, आपली चूक न लपवता, किंबहुना तिच्यावर जरा अधिकच वेळ घालवून. चिरंजीवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. ते हिशेबात कच्चे नव्हते. पदर त्यांनी बोटाने मोजले आणि तीन व दोन मान्य केले.

"म्हणजे मोडलं ते जिथे मोडायला हवं तिथेच मोडलं, असं तुमचं म्हणणं."

"अगदी बरोबर."

"मामा, हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला लिहून पाठवतं. त्याखाली गोदामाचा फोटो असतो."

मास्तर म्हणाले की गोदाम आणि ही गोष्ट वेगळी. इथे परीक्षा वापरापेक्षा कठीण होती. अक्का स्वतः दोर ओढणार. वाळू ओढू शकत नव्हती. "वाळूला हात नसतात," ते म्हणाले.

"वाळूला चक्करही येत नाही," चिरंजीव म्हणाले. "वाळूचं वय वाढत नाही. तुमचं गणित आईच्या हातांवर उभं आहे. लोखंडाचं मला सांगू नका, लोखंड बदलता येतं."

या बोलण्यात जोर होता आणि मास्तरांना तो जाणवला. त्यांनी भिंतीचा मुद्दा निकालात काढता येईल असे सांगितले: बोल्ट आरपार घालून भिंतीच्या पलीकडे, जिन्याच्या बाजूला, पोलादी पट्टी लावायची, म्हणजे तीन काय, पाच अक्काही टांगता येतील. चिरंजीवांनी विचारले की एवढे जर सोपे होते तर आधी का केले नाही. मास्तर म्हणाले की गरजेपेक्षा अधिक लोखंड वापरणे हा अज्ञानाचा पुरावा असतो. त्यावर दोघांत लोखंड, अज्ञान आणि विम्याचे हप्ते यांविषयी बराच वाद झाला, जो त्या दोघांनाही प्रिय होता आणि ज्यात अक्कांचा उल्लेख हळूहळू नाहीसा होत गेला.

अक्का खुर्ची ढकलत टेबलाशी आल्या. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"यात मी कुठली?"

मास्तरांनी दाखवले. झोळीच्या मधोमध एक ठिपका होता आणि त्यातून खाली जाणारा एक जाड बाण.

"आणि हे वर जाणारे?"

"ते दोराचे."

"म्हणजे सगळ्या चित्रात मी नुसती खाली जाते," अक्का म्हणाल्या. "तुझ्याही चित्रात आणि याच्याही. हा मला काचेचं सामान धरतो, तू वाळू धरतोस. भांडताय मात्र असे, की जसं काही दोघांचं वेगळं आहे."

मास्तर सांगू लागले की तिसरा बाण अक्कांच्या हातातल्या पदराचा आहे, तोही वरच जातो. त्या म्हणाल्या, मग तो हात तरी काढ. त्यांनी ठिपक्याला एक हात काढला. तो चांगला आला नाही. अक्कांनी कागद परत दिला.

वेल्डरने दोन दिवसांत बोल्ट आरपार घातले आणि जिन्याच्या बाजूने पट्टी लावली. चिरंजीवांनी रजा वाढवली. बॅगा मात्र तशाच, तोंड उघडून, भिंतीशी राहिल्या. राहिलेला वाद कागदावर मिटणारा नव्हता, म्हणून मास्तरांनी एक तोड काढली. त्यांनी भंगारवाल्याकडून त्याचा लटकता काटा मागून आणला, ज्याला तो लोखंडाची गाठोडी अडकवून वजन करी, आणि तो त्रिकोणाच्या टोकाला अडकवून त्याखाली कप्पी टांगली. आता भिंतीवर जे काही येईल ते आधी काट्यातून जाईल. काट्याची तबकडी ताटाएवढी होती आणि खोलीत कुठूनही वाचता येई.

त्यांनी चिरंजीवांना समजावले ते असे: काट्याच्या खाली जे जे आहे, म्हणजे अक्का, झोळी, दोर, कप्प्या, त्या सगळ्यांभोवती एक रेघ समज. अक्का आत बसून कितीही ओढू दे; कप्पी गंजकी असो की तेल दिलेली असो; ओढाताण आतली आहे, आत फिटेल. अक्काचे वजन, झोळी, दोर आणि कप्प्या मिळून पन्नास किलो होतात. काटा पन्नासच दाखवील. पन्नासाच्या वर तो गेला, तर एकच अर्थ: रेघेबाहेरून कोणीतरी दोराला हात लावला. आणि जेवढे त्याने ओढले तेवढेच नेमके काट्यावर वाढलेले दिसेल, कमी नाही, जास्त नाही. "तुला साक्षीदार हवा ना," मास्तर म्हणाले, "हा घे. हा नातेवाईक नाही."

चिरंजीवांना ही रचना आवडली. त्यांनी तसे म्हटले नाही. ते खुर्ची ओढून तबकडीसमोर बसले आणि हाताची घडी घातली.

अक्का खाटेवर होत्या; बाई दाराशी थांबल्या होत्या. झोळी त्यांनी स्वतः अंगाखाली घेतली, एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर वळून. त्याला वेळ लागला आणि तो कोणी मोजला नाही. कड्या अडकवल्या. दोर हातात घेतला, थोडा तोलून पाहिला, आणि ओढला. काटा थरथरत चढला: वीस, तीस, चाळीस. अंथरूण त्यांच्याखालून सुटले तेव्हा तो पन्नासाला गेला आणि तिथे थांबला. त्या दोर ओढत होत्या, वर येत होत्या, आणि काटा पन्नासवर उभा होता.

खुर्चीच्या हातांच्या उंचीपर्यंत यायला अजून थोडे हवे होते. तिथे अक्का थांबल्या. दातेरी पकडीने दोर धरून ठेवला होता. पडण्याची भीती नव्हती. पण त्यांचे डोळे मिटले होते, ओठ आत गेले होते, आणि दोरावरच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. खाली यंत्र सुरू झाले आणि त्याची घरघर फरशीतून वर आली. त्यांनी एकदा ओढून पाहिले; दोर हलला नाही.

मास्तर अक्कांच्या उजव्या बाजूला उभे होते. आयुष्यभर ज्यांनी रेघेच्या आत आणि रेघेच्या बाहेर यांतला फरक शिकवला, त्यांचा हात वर गेला आणि अक्कांच्या मुठीच्या खाली दोरावर पडला. हात वर गेला हे त्यांना कळले असेल असे वाटत नाही. त्यांनी ओढले, आणि अक्का बोटभर वर आल्या.

"मामा," चिरंजीव म्हणाले. "सत्तावन्न."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. मग तबकडीकडे.

"हात काढा," चिरंजीव म्हणाले. "मामा, हात काढा. ती येतेय."

मास्तरांनी हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखे पाठीमागे नेला. काटा उतरून पन्नासवर आला. चिरंजीव आता खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि त्यांची घडी सुटली होती. पण ते जागचे हलले नाहीत. अक्कांनी डोळे उघडले, मुलाकडे पाहिले, पकड बदलली, आणि या वेळी हातांनी न ओढता सगळा भार खांद्यांतून दोरावर टाकला, पीठ मळताना टाकतात तसा. दोर सरकला. पुन्हा सरकला. मग त्यांनी एका हाताने खाटेच्या कडेला रेटा दिला, त्रिकोण दारासारखा फिरला, आणि त्या चाकांच्या खुर्चीवर आल्या. उतरताना पकड सोडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. काटा उतरत उतरत शून्याच्या अलीकडे, रिकाम्या कप्प्यांच्या वजनावर, येऊन राहिला.

"मामांनी हात लावला होता," चिरंजीव थोड्या वेळाने म्हणाले.

"लावला," मास्तर म्हणाले. "सात किलो. हे धरता येणार नाही."

"नाही धरता येणार."

अक्का श्वास सावरत होत्या. त्या म्हणाल्या, "मग पुन्हा खाटेवर टाका. याला आधी बाहेर काढा."

म्हणून मास्तर बाहेर गेले. बाईंनी अक्कांना खाटेवर ठेवले आणि त्याही बाहेर आल्या, दार लागले. जिन्याच्या चौकात, भिंतीवर, ती नवी पोलादी पट्टी होती आणि तिच्यातून चार बोल्टांची टोके नटांसह बाहेर आली होती. मास्तरांनी पट्टीवर तळवा ठेवला. आत या क्षणी काही घडत असेल तर ते सगळे या पट्टीतून जायला हवे होते. पण पोलाद गार होते, आणि भिंत भिंतीसारखी उभी होती. समतोलाची हीच अडचण आहे. तो बाहेरून पाहणाऱ्याला काहीही सांगत नाही. बाईंनी त्यांना विचारले की आता उद्यापासून आपण यायचे की नाही, आणि त्यांनी प्रामाणिकपणे, माहीत नाही, असे उत्तर दिले.

आत बराच वेळ गेला. एकदा अक्कांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. चिरंजीवांचा आवाज एकदाही आला नाही. मग दार उघडले ते आतून, आणि उघडणाऱ्या अक्का होत्या, कारण दाराच्या कडीची उंचीही मागेच उतरवून घेतलेली होती. त्यांच्या कपाळावर केस चिकटले होते.

"काटा?" मास्तरांनी विचारले.

"पन्नास," आतून चिरंजीव म्हणाले. "मधे एकदा एकोणपन्नास."

"कमी कसा होईल? कमी होऊ शकत नाही. कुठेतरी टेकली असेल."

"गादीला टाच टेकली होती. तिला कळलं नाही. मी पाहिलं."

मास्तरांनी मान हलवली. बाण सापडला होता.

चिरंजीव बॅगांजवळ गेले. त्यांनी त्या उचलल्या नाहीत आणि भरल्याही नाहीत. त्यांनी विचारले की ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी काय. हा प्रश्न मामांना होता की आईला, हे स्पष्ट नव्हते. मास्तर सांगू लागले की दोराचे मोकळे टोक लांब ठेवले तर बाई जमिनीवरून ओढू शकतील, भिंत आता त्यालाही पुरून उरेल, आणि आणखी एक कप्पी वाढवली तर ओढ आणखी हलकी होईल. अक्कांनी त्यांना पुरे करू दिले. मग त्या मुलाला म्हणाल्या, "ज्या सकाळी मी वर येणार नाही, त्या सकाळी तुला फोन करीन. मी करीन. खालचा करणार नाही. मागच्या वेळी लपवलं, आता लपवणार नाही."

"शब्द?"

"तुझ्या कंपनीसारखा नाही. शब्द."

चिरंजीव हसले नाहीत, पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि खिडकीशी जाऊन पत्नीला लावला. खिडकीतून गरम पावाचा वास येत होता. ते हळू बोलत होते, आणि खोली लहान असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होते. त्यांनी प्रथम मुलांची चौकशी केली. मग म्हणाले, "ती खोली रिकामी करू नकोस. पुस्तकं असू देत तिथेच." पलीकडून काहीतरी विचारले गेले. "नाही," ते म्हणाले. "एवढ्यात नाही."

तो शेवटचा शब्द अक्कांनी ऐकला. त्यांनी त्याला हरकत घेतली नाही. त्या खुर्ची ओट्याकडे वळवून निघाल्या, आणि जाता जाता, कॅनव्हासची झोळी धुवायला काढावी लागेल, असे म्हणाल्या.